तिचं यीस्ट

मणी मऊ पडलेत हे आधी मेहुणीच्या लक्षात आलं. मी तेव्हा पंपाची नळी बदलत बसलो होतो.

"भाओजी, इकडे या जरा. हे असे का दिसतायत?"

मी उठून कॉलमजवळ गेलो. कॉलम म्हणजे काचेचं उभं नळकांडं, माझ्या डोक्याच्याही वर हातभर जाणारं. आत वाटाण्याएवढे पांढुरके मणी खच्चून भरलेले असतात. चांगले असले की प्रत्येक मणी सुटा दिसतो आणि मधल्या फटींतून बुडबुडे वाट काढत वर जातात. त्या दिवशी तळाचे मणी एकमेकांत मिसळून गेले होते. जास्त शिजलेल्या भातासारखा गिच्च गोळा झाला होता आणि बुडबुडे त्यात अडकून बसले होते.

"पंप बंद कर," मी म्हणालो.

"बंद केला तर आतले उपाशी राहतील."

"राहू देत. आधी बंद कर."

तिने बटण दाबलं आणि माझ्याकडे बघायला लागली. मी काचेकडे बघत राहिलो. दोघांच्याही मनात एकच होतं. ते मणी हिने केलेले होते. ही म्हणजे माझी बायको. ती गेली त्याला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

आमचा कारखाना बटाट्याचा स्टार्च काढतो. बटाटे किसायचे, धुवायचे, चाळायचे. धुतल्या पाण्याबरोबर बराच स्टार्च जातो. पूर्वी ते पाणी मागच्या खड्ड्यात सोडायचे आणि ते आंबून असा वास सुटायचा की गल्लीत कोणाला खिडकी उघडायची सोय नव्हती. मग ठरलं की या पाण्याचं स्पिरिट करायचं आणि ते रंगाच्या कारखान्याला द्यायचं. ही कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, ते काम हिच्याकडे आलं. शेजारचे विचारायचे, "भट्टी लावलीत म्हणे?" ही म्हणायची, "लावली ना. या एकदा प्यायला. पण येताना डोळे घरी ठेवून या, परत जाताना उपयोग व्हायचा नाही."

मी पंप आणि नळ्या बघणारा माणूस. मला यातलं काही कळत नव्हतं. एकदा भाजी चिरता चिरता तिने मला समजावून सांगितलं.

"स्टार्च म्हणजे लांबच लांब साखळी. यीस्टला ती अख्खी गिळता येत नाही. एन्झाइम ती चिरून तिची साखर करतं. मग यीस्ट ती साखर खातं आणि स्पिरिट सोडतं."

"म्हणजे एकाने चिरायचं आणि दुसऱ्याने बसून खायचं."

"हो. आपल्या घरासारखंच. फरक एवढाच की यीस्ट खाल्ल्यावर काहीतरी परत देतं."

मणी का करायचे तेही तिनेच सांगितलं. साध्या टाकीत स्पिरिट काढून घेतलं की यीस्टही त्याच्याबरोबर वाहून जातं. दर खेपेला नवीन घाला, ते वाढेपर्यंत थांबा. त्यापेक्षा एन्झाइम आणि यीस्ट दोघांना एका मण्यात कोंडायचं. मणी समुद्राच्या शेवाळापासून काढलेल्या डिंकाचा असतो. पाणी त्यातून आतबाहेर जातं, पण आतले दोघं आतच राहतात. वरून स्टार्चचं पाणी सोडत राहायचं, खालून स्पिरिटचं पाणी घेत राहायचं. संसार हलवावा लागत नाही.

अडचण आमच्या शेडची होती. शेजारी बॉयलर. दुपार झाली की शेड तापते आणि बाजारचं यीस्ट मान टाकतं. तेव्हा हिने उकाडा सोसणारं यीस्ट शोधायचं मनावर घेतलं. जिथे वाफाळतं गटार दिसेल तिथे ही काडी बुडवायची. लोक विचारायचे, "वहिनी, काय पडलं गटारात?" बॉयलरच्या मागे, गरम पाणी जिथून बाहेर पडतं तिथल्या फेसात तिला ते सापडलं. मग ते तिने वेगळं केलं, वाढवलं, मण्यांत भरलं आणि शेडमध्ये लावलं. भर दुपारीही कॉलम नुसता खदखदत होता. त्या दिवशी ही घरी आली ती चपला न काढताच आतपर्यंत आली.

या यीस्टचा नमुना प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये होता. ही आजारी असताना तो फ्रिज बिघडला, नवीन आला, आणि जुन्याबरोबर आतल्या नळ्याही गेल्या. नवीन नमुना काढून ठेवायचं सगळ्यांच्या मनात होतं. पण कॉलम चालूच होता. चालू गोष्टीची कोणाला घाई नसते. त्यामुळे आता हिचं यीस्ट जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ती जागा माझ्या डोळ्यांसमोर विरघळत होती.

हॉस्पिटलमध्ये मी संध्याकाळी भेटायला गेलो की ही आधी विचारायची, "मणी कसे आहेत?" मी म्हणायचो, "माझी चौकशी कर की कधी." ती म्हणायची, "तुम्ही दिसताय की समोर." मग मी मण्यांचं सांगायचो. ती गेल्यावरही मी रोज घरी जायच्या आधी शेडमध्ये डोकावून जायचो. सांगायला कोणी नव्हतं, पण पायांना सवय होती.

कॉलमचं काम तिच्या पाठच्या बहिणीकडे, म्हणजे मेहुणीकडे आलं होतं. ती आधी पॅकिंगमध्ये होती. बहिणीने तिला मणी धुवायला, भरायला शिकवलं होतं. कामाला चोख आणि तोंडाला त्याहून चोख. पण त्या दिवशी ती नुसती पदराने काच पुसत होती.

तेवढ्यात मुकादम आले. त्यांना आम्ही मागून घाईसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या तोंडात "चला" हा शब्द कायम.

"पंप का बंद? चला, चालू करा. खड्डा काठाला आलाय."

मी कॉलम दाखवला. ते वाकून बघायला लागले.

"गेलं हे," ते म्हणाले. "खालचा व्हॉल्व्ह उघडा, गटारात सोडा, कॉस्टिक सोड्याने धुवून घ्या. बाजारचं यीस्ट मागवतो. चला."

"बाजारचं इथे टिकत नाही, साहेब," मेहुणी म्हणाली.

"न टिकू दे. सकाळी तरी चालेल? चाललं तेवढं बरं. परवा खड्डा आंबला की वरचे लोक नाक धरून येतील आणि ते नाक माझ्या टेबलावर सोडतील."

मी पाना उचलला. खालच्या व्हॉल्व्हपाशी बसलो. व्हॉल्व्ह मीच बसवलेला, त्याला कधी जोर लावावा लागत नाही. पण माझा हात काही चालेना. मला शास्त्रातलं काही ठाऊक नव्हतं. या लगद्यात कोणी जिवंत आहे की नाही, मला काय कळणार? पण ते गटारात सोडणं माझ्याने होईना.

"साहेब," मी बसल्या बसल्याच म्हणालो, "मी हे ड्रममध्ये काढतो. केमिस्टबाईंना एकदा बघू द्या. मग ओता कुठे ओतायचं ते."

"बाई परवा येणार आहेत."

"फोन करू."

घाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग परत माझ्याकडे. ही आजारी असताना ते दोनदा हॉस्पिटलमध्ये आले होते आणि दोन्ही वेळा उभ्याउभ्याच भेटून गेले होते.

"स्टोअरमध्ये धुतलेले ड्रम आहेत," ते म्हणाले. "घ्या. पण जरा हात चालवा."

केमिस्टबाई दोन कारखान्यांचं काम बघतात. फोनवर मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"गटारात किती गेलं?"

"काही नाही. ड्रममध्ये काढतोय."

पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "झाकून ठेवा. मी निघते."

त्या येईपर्यंत मी आणि मेहुणीने सगळा लगदा ड्रममध्ये काढला. वरचे मणी अजून शाबूत होते, पण चिमटीत धरले की चपटे व्हायचे. काचेला चिकटलेलंही मेहुणीने पाण्याने धुवून घेतलं, एक बोटभरसुद्धा सोडलं नाही. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही.

केमिस्टबाई आल्या त्या थेट ड्रमशी. वयाने माझ्या बायकोपेक्षा लहान, पण हिला त्या ताई म्हणायच्या आणि ही त्यांना बाई म्हणायची. त्यांनी लगदा बोटांत चोळून बघितला.

"पाणी बदललं? धुवायचा साबण बदलला?"

"नाही," मी म्हणालो.

"यीस्टला वेगळं काही दिलंत?"

मेहुणी ड्रमच्या कडेचा पत्रा नखाने खरवडत होती. "टॉनिक," ती म्हणाली.

"कसलं टॉनिक?"

"बुडबुडे कमी वाटत होते. ह्यांचे एक मित्र त्या मोठ्या टाक्यांच्या कारखान्यात आहेत. तिथे यीस्टला एक पांढरी पावडर घालतात. त्यांचं यीस्ट नुसतं उसळतं म्हणे. मला वाटलं, ताई गेल्यापासून ही लेकरं सुकलीत. थोडं अंगाला लागेल." आणि मग एकदम, "मी मारली ना ती? सांगा ना. मी मारली."

बाई स्टुलावर बसल्या. "त्या पावडरीत फॉस्फेट असतं. टाकीतल्या यीस्टला ते खरोखर चांगलं. पण आपला मणी कॅल्शियमने बांधलेला असतो. विणकामाच्या गाठी असतात ना, तसं ते कॅल्शियम डिंक धरून ठेवतं. फॉस्फेट आलं की ते कॅल्शियम ओढून नेतं. गाठ सुटली की मणी उसवतो."

"म्हणजे मारलीच."

"तुम्ही घर मोडलंत. माणसं मेली की नाही ते मला अजून बघायचंय."

मी बाहेर गेलो. बॉयलरच्या मागे जरा उभा राहिलो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण कोणावर धरायचा? पोरीने खायला घातलं होतं, उपाशी नव्हतं ठेवलं. मी तोंड धुतलं आणि परत आत आलो.

बाईंनी सूक्ष्मदर्शक शेडमध्येच आणून टेबलावर मांडला होता. लगद्याचा थेंब काचेवर घेतला, त्यावर निळ्या रंगाचा थेंब टाकला.

"मेलेल्या पेशी निळ्या पडतात," त्या म्हणाल्या. "जिवंत असतात त्या पांढऱ्याच राहतात."

त्यांनी डोळा लावला. आम्ही दोघं उभे. घाईसाहेबही दारात येऊन उभे राहिले होते आणि एकदाही "चला" म्हणाले नाहीत. बाई काच थोडी सरकवायच्या, परत बघायच्या. मेहुणीने माझ्या सदऱ्याची बाही धरली होती.

"भाओजी," बाई म्हणाल्या. मेहुणीचं ऐकून ऐकून त्याही मला भाओजीच म्हणायच्या. "तुम्हीच बघा."

मी चष्मा काढला. आधी नुसती माझी पापणी दिसली. मग दिसलं. निळ्या पाण्यात लिंबाच्या आकाराचे पांढरे ठिपके, दाटीवाटीने. मध्ये मध्ये एखादा निळा. काही पांढऱ्यांच्या कडेला चिमुकला कोंब फुटलेला.

"पांढरेच जास्त आहेत," मी म्हणालो.

"बहुतेक सगळे. कोंब दिसतायत ना? वाढतायतसुद्धा. टॉनिक अंगाला लागलंय खरं."

मेहुणी हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. घाईसाहेब दारातून म्हणाले, "अहो, जिवंत आहेत म्हणतायत त्या. मेले असते तर काय केलं असतंत?" मग रडता रडताच ती हसली.

"हिने वाढवलं ते हेच ना?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "खरं सांगू? ताईंनी गटारातून काढलेलं केव्हाच गेलं. यीस्टचं आयुष्य ते किती! हे त्यांचे खापरपणतू, त्यांचेही खापरपणतू."

"मग नातलगच की."

"सख्खे."

पुढचं काम बाईंनी सांगितलं आणि पहिलीच गोष्ट ऐकून आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"ती पावडर उरलीय का?"

मेहुणीने कपाटाच्या मागून पुडा काढला. फेकायचं धाडस झालं नव्हतं आणि समोर ठेवायचंही नाही.

"घाला सगळी ड्रममध्ये."

"परत?"

"मणी अर्धवट विरघळलेत. लगदा असाच राहिला तर यीस्ट त्यात लोंबकळत राहील. डिंक पूर्ण पातळ झाला की ते तळाला बसेल. मग वरचं ओतून टाकायचं आणि खालचं धुवून घ्यायचं. नीट धुवायचं हां. फॉस्फेटचा कण राहिला तर नवे मणी धरणार नाहीत."

ज्या हाताने बिघडवलं त्याच हाताने मेहुणीने पुडा रिकामा केला. मी वल्ह्याने ढवळलं. ड्रम थंड खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर वर गढूळ पाणी आणि तळाला मऊ, पिवळसर थर, सायीसारखा. वरचं पाणी मी नळीने हळूहळू ओढून घेतलं. थर हलू नये म्हणून नळीचं तोंड मी बोटाने धरून ठेवलं होतं. पंपावर इतकी वर्षं काढली, पण इतक्या हळू पाणी मी कधी ओढलं नव्हतं.

धुणं झालं तसं बाईंनी त्यातलं थोडं काढून बारीक नळ्यांत भरलं. एक नळी आमच्या नवीन फ्रिजमध्ये, एक त्यांच्या दुसऱ्या कारखान्यात, एक त्यांच्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे. "सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत" असं काहीतरी त्या म्हणायला लागल्या, तर मेहुणी म्हणाली, "बाई, अंडी नका काढू, जेवायला वेळ आहे अजून."

मग मणी करायला बसलो. यीस्टचा थर, कॅनमधलं एन्झाइम आणि डिंकाचं घट्ट पाणी एकत्र कालवलं. बाजूला कॅल्शियमच्या मिठाचं पाणी टोपात. वरून बारीक तोट्यांतून एक एक थेंब सोडायचा. थेंब पाण्यात पडला की गोल होतो आणि बघता बघता धरतो. हे काम मी हिला करताना कितीदा बघितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. माझे पहिले मणी शेपटीचे झाले.

"भाओजी, ही बेडकाची पिल्लं कोणाची?" मेहुणी म्हणाली.

"तोटी वर धरलीय मी जास्त."

"खाली घ्या. ताई म्हणायची, थेंबाला पडायला फार वेळ दिला की तो वाकडा होतो."

तोटी खाली घेतली आणि मणी गोल व्हायला लागले. घाईसाहेब मध्ये येऊन उभे राहिले.

"हे असं एकेक?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"दोनदोन नाही पाडता येणार?"

"चिकटतात."

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि आमच्यात बसले. घाईने का होईना, पण त्यांचे मणी माझ्यापेक्षा चांगले झाले. ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं.

मणी पुरते घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो. मग धुवून कॉलममध्ये भरले. मी नळ्या जोडल्या, सगळे सांधे तपासले आणि स्टार्चचं पाणी सोडलं. ते शेडमध्ये आणायच्या आधीच पातळ केलेलं असतं, पेजेसारखं. मणी त्यात बुडाले, नुसतेच. बुडबुडा एक नाही.

"लगेच नाही होणार," बाई म्हणाल्या. "नव्या घरात आलेत. भांडीकुंडी लावू द्या."

खरी परीक्षा दुपारची होती. बॉयलर पूर्ण चालू झाला, शेड तापली, आमचे कपडे अंगाला चिकटले. बाजारचं यीस्ट असतं तर या वेळेला गप्प झालं असतं. मी काचेसमोर पालथ्या क्रेटवर बसलो होतो. आधी एका मण्याच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी चमकलं. ते मोठं झालं, सुटलं आणि वर निघालं. मग दुसऱ्यावर. मग तळापासून एक रांग उठली. थोड्या वेळाने कुठे बघावं तेच कळेना, सगळा कॉलम हलत होता. मणी एकमेकांवर टकटक आपटत होते. काचेला कान लावला तर ऐकू येत होतं.

"अगं बघ, बघ!" मी ओरडलो. इतक्या महिन्यांत मी ओरडलो नव्हतो.

मेहुणी आली, बाई आल्या. संध्याकाळी खालच्या पाण्याचा नमुना घेऊन बाईंनी तपासला आणि मान डोलावली. पूर्वीइतकं स्पिरिट अजून नव्हतं, पण बाजारच्या यीस्टने या उकाड्यात कधी दिलं नव्हतं इतकं होतं. खड्ड्याची पातळी दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागली. घाईसाहेबांनी वरच्या लोकांना फोन करून सांगितलं की कॉलमची नियोजित दुरुस्ती वेळेआधी पूर्ण झाली आहे.

पुढचे काही दिवस मी रोज शेडमध्ये चकरा मारत होतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, निघताना एकदा. काही ना काही निमित्त काढायचो. नळी बघतो, सांधा बघतो. शेवटी मेहुणीने कमरेवर हात ठेवले.

"भाओजी, तुमचा पंप ठीक आहे. माझे मणी ठीक आहेत. तुम्ही तेवढे ठीक दिसत नाही. आरशात बघितलंत का? डोळे कसे झालेत."

"मी बरा आहे."

"ताई असती तर तुम्हाला हाताला धरून बाहेर काढलं असतं. मला तेवढा हक्क नाही म्हणून नुसती बोलतेय. चार दिवस रजा घ्या. यांचं मी बघते. यांना आता टॉनिक नाही, काही नाही. वेळेवर जेवण आणि शांतता, बस."

"काही झालं तर?"

"काही झालं तर तीन फ्रिजमध्ये ठेवलंय ना. तुमच्या एकट्याच्या डोक्यावर नाही ते."

तिचं खरंच होतं. हे मला आतापर्यंत सुचलंच नव्हतं. बाईंकडे होतं, तिच्याकडे होतं, कोणा अनोळखी मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये होतं. मी शेडमध्ये नसलो तरी ते खात राहणार, वाढत राहणार होतं.

घाईसाहेबांनी रजेच्या अर्जावर न वाचताच सही केली.

दुपारी घरी आलो. उन्हं अजून वर होती. खिडकी उघडली तर बाहेरून कसलाच वास आला नाही. मुलं रस्त्यावर चेंडू खेळत होती, कोणीतरी कोणाला तरी बाद म्हणत होतं आणि तो मानत नव्हता. मी पलंगावर जरा टेकलो, पाच मिनिटं पाठ लावू म्हणून. जाग आली तेव्हा खोलीत दुसऱ्या दिवसाचं ऊन आलं होतं, आणि बूट अजून पायातच होते.